नऊ-सहाचं मशीन

आमच्या शेठना चारचौघांत चष्मा लावायची लाज वाटायची. त्या फुकटच्या रुबाबापायी भाऊंचा गणपती हुकला. पण दोष एकट्या शेठचा असता तर मी हे लिहायला बसलोच नसतो.

नव्वदीची अखेर. आखातात शेठची एसी दुरुस्तीची कंपनी. ते अल मजाजला राहायचे, आम्ही जबल अलीच्या कामगार कॅम्पात. बंदरात एक म्हातारं प्रवासी जहाज होतं. गुरुवारी संध्याकाळी निघायचं, किनारा लांब गेला की त्याच्यावरचा कॅसिनो उघडायचा, शनिवारी परत. मधल्या दिवसांत त्याचे एसी आम्ही बघायचो. मी इलेक्ट्रिशियन, भाऊ फिटर. मालवणकडचे, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे.

शेठना त्या जहाजावरच्या पोकर मशीनचं भारी वेड. सगळी मशीनं दिसायला सारखी, पण पत्त्यांच्या कुठल्या हाताला नाण्यामागे किती देणार ते काचेवर रंगवलेलं असतं. फुल हाउसला नऊ आणि फ्लशला सहा देणारं मशीन चांगलं, आठ-पाचवालं लुटारू, हे त्यांना कुणीतरी शिकवलं होतं. पण काचेवरचं वाचायला चष्मा लागणार, मग शोधत फिरणार कोण? शेठनी काम भाऊंच्या गळ्यात मारलं.

भाऊंना तेव्हा गावी जायचंच होतं. घरचा गणपती चार भावांत पाळीनं चालायचा. मागच्या पाळीला हे इथंच अडकले, पूजेला थोरला बसला, आणि याला देवापेक्षा दिरहम मोठे झाले असं त्यानं वाडीभर सांगितलं. आता पाळी पुन्हा आली होती आणि पासपोर्ट शेठच्या कपाटात. मशीन शोधून दे, पासपोर्ट घेऊन जा, इन्शाल्ला, असं शेठ म्हणाले.

भाऊंना इंग्रजी वाचता येत नव्हतं, म्हणून लिहायला मी. दोन दिवस धुंडाळल्यावर संडासाजवळच्या कोपऱ्यात नऊ-सहाची दोन मशीनं सापडली. काचेवर पाच रकाने होते, एका नाण्यापासून पाच नाण्यांपर्यंत. दुप्पट, तिप्पट, कोण लिहीत बसतो? मी पहिलाच रकाना उतरवला. रॉयल फ्लश म्हणजे सगळ्यात मोठा हात, त्याच्या ओळीत मात्र चार नाण्यांना एक हजार आणि पाचव्याला एकदम चार हजार होते. ते मला दिसलं. पण कॅम्पाची बस सुटत होती, ड्रायव्हर खालून यल्ला यल्ला करत होता. मी वही मिटली आणि तेवढंच पान फाडून भाऊंना दिलं.

"तू बरोबर लिवलंस मां?" भाऊंनी विचारलं.

शंभर टक्के, म्हटलं.

शेठ एक नंबरचे चिकट. भाऊंनी दिलेल्या चिठ्ठीत एकाच नाण्याचा भाव, म्हणून रात्रभर एकेक डॉलर टाकत बसले. आणि मेल्यांना रॉयल फ्लश लागला. अडीचशे डॉलर मिळाले. पाच नाणी असती तर चार हजार, असं शेजारच्या गोऱ्यानं हळहळून सांगितलं. म्हणजे साडेचौदा हजार दिरहम, दीड लाख रुपये. सगळं नाकासमोरच्या काचेवर लिहिलेलं होतं, पण चष्मा खिशात.

शनिवारी शेठ ओरडले नाहीत. चिठ्ठी भाऊंसमोर ठेवली आणि म्हणाले, "सुट्टी खलास."

भाऊंनी माझ्याकडे बघितलं. मी काहीतरी बोलेन असं त्यांना वाटलं असणार. माझाही सुट्टीचा अर्ज त्याच टेबलावर पडला होता. मी मूग गिळून गप्प बसलो. आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

ती सुट्टी मला मिळाली. भाऊंनी रोल्लाच्या बाजारातून बायकोसाठी साडी आणली आणि माझ्याजवळ दिली. एक वाकडा शब्द बोलले नाहीत. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

चतुर्थीला मी त्यांच्या घरी पोचलो तेव्हा थोरला पाटावर बसला होता. वहिनी, म्हणजे भाऊंची बायको, दारापुढच्या खळ्यात आल्या. "ते कित्याक नाय इले?" त्यांनी विचारलं. सगळं घर कान देऊन उभं होतं. चिठ्ठी माझी होती, एवढंच सांगायचं होतं.

"सुट्टी मंजूर झालेली, वहिनी," मी म्हटलं. "त्यांनाच ओव्हरटाइम सोडवेना."

थोरला पाटावरूनच हसला. वहिनींनी साडीची पिशवी उघडलीसुद्धा नाही, तशीच माझ्या हातात परत दिली.