कोण म्हणून?

माझे सासरे मंगळवारी दुपारी वारले. परमेश्वराचीही हैसियत तपासल्याशिवाय त्याच्यावर विश्वास न ठेवणारा माणूस अख्ख्या वसमत तालुक्यात दुसरा नव्हता, आणि एकदा तपासून झाल्यावर इतका निर्धास्त झालेलाही कुणी नव्हता.

मुन्सिफ कचेरीसमोरच्या लिंबाखाली बसून ते लोकांचे अर्ज लिहीत. निजामी कचेरीत अर्जदाराने आपण कोणत्या नात्याने मागतो आहोत, मालक, वारस की कूळ, हे आधी सांगावे लागे. त्याला हैसियत म्हणत. त्यामुळे टाक उचलण्याआधी सासरे विचारत, “कोण म्हणून?” ही सवय कचेरीतून घरी आली. शेजारीण विरजण मागायला आली तरी हाच प्रश्न. मी मुलगी पाहायला गेलो तेव्हा दारातच तो मला विचारला गेला. शिक्षक आहे, असे मी सांगितले. “ते पोटासाठी. इथं कोण म्हणून?” मी घाबरून “जावई म्हणून” असे बोलून गेलो. मुलगी अजून बाहेर आली नव्हती, पण लग्न ठरले. रोजची प्रार्थनाही ते आपले नाव, बापाचे नाव, गाव सांगून सुरू करीत आणि हैसियतीच्या जागी ‘पापी’ म्हणत. देवाला आपला पत्ता ठाऊक असेल, असे मी एकदा सुचवले. “त्याला ठाऊक हाय,” ते म्हणाले. “आपण इसरतो.”

तरुणपणी येशूकडेही ते याच वाटेने गेले. चमत्कारांनी ते विरघळले नाहीत. कचेरीत त्यांनी त्याहून मोठे चमत्कार पाहिले होते. त्यांना धरले ते एकाच गोष्टीने. खाटेवरच्या पांगळ्याला येशू पापांची क्षमा देऊन टाकतो. “पाटलाच्या बैलानं माझं रान खाल्लं तर माफी मी देईन,” सासरे म्हणत. “वाटेनं जाणाऱ्यानं काहून द्यावी? हा मालकाच्या हैसियतीनं देऊन राहिला.” तेव्हापासून येशूला कुणी थोर गुरू म्हटले, की ते त्यांना अर्जातली खाडाखोड वाटे. एका पाहुण्या पाद्र्यांनी उपदेशात त्याला जगातल्या सत्पुरुषांमध्ये मानाची जागा दिली. सासरे भर देवळात उभे राहिले. “साहेब, मालकाला कारकुनांच्या रांगेत काहून बसवता?” ते पाद्री पुन्हा आले नाहीत.

रोजचे प्रतिवादी म्हणजे कापडवाले चाचा, मूळचे हट्टा गावचे. संध्याकाळी दोघे ओट्यावर चहा पीत भांडत. चाचा म्हणत, “येशूला पैगंबर म्हणून आमी मानतो. तेवढ्यावर मिटवा.” सासरे म्हणत, “मागितल्यापेक्षा कमी देऊन दावा मिटत न्हाई.” तो कधी मिटला नाही; साखर मात्र संपत राहिली.

यंदा भादव्यात निजामाचे राज्य गेले. त्या धामधुमीत गावोगाव मुसलमानांवर सूड उगवला जाऊ लागला, तेव्हा चाचा बायकामुलांसह सासऱ्यांच्या घरात येऊन राहिले. एका दुपारी काठ्या घेतलेली माणसे ओट्यासमोर आली. त्यांतल्या निम्म्यांचे अर्ज सासऱ्यांनीच लिहिलेले. सासरे दारात उभे राहिले. पुढच्याने विचारले, “आत लपलाय तो तुमचा कोण लागतो?”

त्यांचा प्रश्न त्यांनाच कुणी विचारण्याची ही पहिली वेळ.

“भाऊ.”

“सख्खा?”

“सख्खा. लिहून देऊ?”

माणसे एकमेकांकडे पाहू लागली. चाचा कोण हे सगळ्यांना ठाऊक होते. या माणसाने कधी कुणाची खोटी हैसियत लिहिली नाही, हेही ठाऊक होते. दोन्ही एकदम खरे कसे, याचा मेळ कुणाला बसेना. पुढच्याने काठी काखेत धरून नमस्कार केला आणि सगळे गेले.

सासरे मात्र जेवेनात. आपण खोटे बयान दिले, हे त्यांना खात होते. जीव वाचवायला बोललात, असे सांगून चाचा थकले. दुसऱ्या संध्याकाळी सासरे आपणच म्हणाले, “येशूनं आपल्याला भाऊ म्हटलं. तो निव्वळ गुरू असंल तर ती बोलायची रीत झाली, अन् मी खोटा. पण तो म्हणतो तोच असंल, मालकाचा लेक, तर त्याच्यामुळं आपला बी बाप एकच. मंग बयान बराबर हाय.”

चाचांनी बशी खाली ठेवली. “मी त्याला पैगंबरच म्हणणार, भाईसाब.”

“म्हणा. त्यानं तुमचं नातं तुटत न्हाई.” आणि त्यांनी ताट मागितले.

मातीच्या वेळी पाद्री म्हणाले, मूठभर माती टाकायला आधी सख्ख्यांनी यावे. चाचा माझ्या पुढे गेले. कुणी काही विचारले नाही.

चाचा अजून संध्याकाळी येतात. चहा होतो. वाद होत नाही.