गुरुवारची चटई

मूठ दाबून गादीचा मऊपणा तपासणारा बाबा तुम्ही पाहिला आहे का? मी पाहिला, कर्जतच्या बाजारातल्या माझ्याच दुकानात.

"भाई, कापूस कमी भरू नको रं," ते म्हणाले.

"कुनासाठी, बाबा?"

"माझ्यासाठी. पाठ दुखती."

बाबा भिसेगावात एका खोलीत राहायचे. रसायनीच्या कारखान्यात हमाली केलेला माणूस. पाठ तिथंच गेली होती. बोलणं मात्र असं, की फार्महाऊसवाले मुंबईकर दर गुरुवारी गाड्या काढून ऐकायला यायचे. त्यांना बाबांची गरिबी फार आवडायची. फुटका कप दिसला की फोटो काढायचे.

म्हणून गुरुवारी सकाळीच गादी माझ्या दुकानात मुक्कामाला यायची आणि खोलीत चटई अंथरली जायची. संध्याकाळी मी गादी परत पोचवायचो.

"बाबा, ही लबाडी नाय का?" मी एकदा विचारलंच.

"हाय की. पन त्यांच्या घरी गाद्या लय झाल्यात. हितं एक चटई बघू दे त्यांना."

ठाकुरवाडीहून येणाऱ्या बायकांना सगळं ठाऊक होतं. त्या उलट काळजीने विचारायच्या, "बाबा, गादी मऊ हाय ना?"

गेल्या हिवाळ्यात बाबा आजारी पडले. एका भक्ताने त्यांना खालापूरजवळच्या आपल्या बंगल्यावर नेलं. डॉक्टर, नर्स, सगळं चोख. तीन दिवसांनी मला कळलं, बाबांना फरशीवर चटई टाकून झोपवलंय. माझं डोकंच फिरलं. भिसेगावातून गादी उचलली, टेंपोत टाकली आणि निघालो.

दारात भक्ताने हात आडवा केला. "महाराज गादीवर झोपत नाहीत," तो हळू आवाजात म्हणाला. बिचाऱ्याचा खरंच विश्वास होता. तीन रात्री तोही बाबांशेजारी जमिनीवर झोपला होता. डोळे तारवटलेले. बाबांचं गुपित मी कसं फोडणार?

तेवढ्यात आतून आवाज आला, "झोपतो! रोज झोपतो! आन रं आत!"

भक्ताचा चेहरा उतरला. मग पुढे होऊन त्याने गादीचं दुसरं टोक धरलं.

आम्ही दोघांनी बाबांना उचलून वर ठेवलं. "आई गं," म्हणत त्यांनी पाठ टेकली. भक्त खाली फरशीवर बसायला निघाला, तशी बाबांनी त्याची बाही ओढली.

"वर ये रं. दमलास तू पन."

चार दिवसांनी बाबा गेले. मला ते दिसतात ते त्या दुपारचेच: भिंतीकडे अंग चोरून पडलेले, डोळे मिचकावत मला 'बोलू नको' म्हणून खुणावणारे, आणि मोकळ्या केलेल्या जागेत पाय पोटाशी घेऊन गाढ झोपलेला तो बंगलेवाला.