पंधरा दिवसांच्या आत

रोज सकाळी आठ चाळीसला बाबा लिफ्टचं बटण दाबायचे आणि हात मागे बांधून मनात सेकंद मोजायचे. दार उघडलं की आत उभ्या असलेल्या माणसाला आधी "एकतीस" नाहीतर "चव्वेचाळीस" असा आकडा सांगायचे आणि मग विचारायचे, "काय, बरं आहे ना?" इमारतीतल्या मुलांनी त्यांचं नाव सेकंदकाका पाडलं होतं. त्यांच्या मुलीला त्याची भारी लाज वाटायची. ती जिन्याने धावत खाली जायची आणि ओळख नसल्यासारखी फाटकाशी उभी राहायची. आता तो आकडा एकदा तरी ऐकायला मिळावा म्हणून तिचा जीव तुटतो.

लिफ्ट चालवणारं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका कंपनीत बाबा होते. कंपनी तिसऱ्या मजल्यावर, आणि त्या जुन्या इमारतीला लिफ्टच नव्हती. यावर तिथे सगळ्यांचे सगळे विनोद करून झाले होते. बाकीचे प्रोग्राम लिहायचे. तो प्रोग्राम अमुक एक चूक कधीच करणार नाही, हे गणिताने सिद्ध करायचं काम बाबांचं. "हजार वेळा चालवून बघितलं, ठीक चाललं," असं कुणी म्हणालं की ते चष्मा पुसत विचारायचे, "आणि हजार एकाव्या वेळी?" समोरचा मनातल्या मनात हात जोडायचा.

अडचण अशी होती, की लिफ्टची नस ज्यांना ठाऊक त्या मिस्त्रींना प्रोग्राम वाचता येत नव्हता, आणि प्रोग्राम लिहिणाऱ्यांचे हात कधी ग्रीसने माखले नव्हते. म्हणून बाबांनी एक इवलीशी भाषा बनवली, फक्त लिफ्टपुरती. शब्द मोजून वीस: मजला, दार, हाक, वजन, कधीच नाही, कधी ना कधी, असे. 'दार उघडं असताना लिफ्ट कधीच हलणार नाही,' असं मिस्त्रीने लिहायचं. प्रोग्राम त्या वाक्याला जागतो की नाही, हे संगणकाने पडताळून सांगायचं.

"या भाषेत भांडता येतं का हो?" आईने एकदा विचारलं होतं.

"छे, शब्दच नाहीत."

"मग घरी आणा ती."

याच भाषेतलं एक वाक्य बाबांच्या अंगाशी आलं. एका रुग्णालयाच्या लिफ्टसाठी त्यांनी स्वतः लिहिलं होतं: 'कोणत्याही मजल्याची हाक कधी ना कधी ऐकली जाईल.' सिद्धता चोख निघाली. महिन्याभराने तिथला मिस्त्री धापा टाकत ऑफिसचे जिने चढून आला.

"साहेब, तुमचं गणित खरं ठरलं. पाचव्या मजल्यावर लिफ्ट आली."

"मग?"

"अकरा मिनिटांनी आली. भेटीच्या वेळेत खालच्या मजल्यांवर ही गर्दी, लिफ्ट तिथेच खालीवर करत बसली. शेवटी स्ट्रेचर आम्ही जिन्याने उतरवलं. पेशंट वाचला, माझी कंबर गेली."

त्या दुपारी बाबा रुग्णालयाच्या पाचव्या मजल्यावर जाऊन उभे राहिले, भेटीची वेळ संपेपर्यंत. सेकंद मोजायची सवय तेव्हाची. परत आल्यावर त्यांनी भाषेत एकविसावा शब्द घातला: 'च्या आत'. त्यानंतर कुणी नुसतंच 'कधी ना कधी' लिहिलं की पडद्यावर प्रश्न उमटायचा, किती वेळात? उत्तर दिल्याशिवाय भाषा पुढे हलायची नाही, मग लिहिणारा कंपनीचा मालक का असेना.

मुलगी मोठी झाली, लग्न करून आठ तासांच्या अंतरावर राहायला गेली. आई गेल्यावर तिने आपल्या घरातली एक खोली बाबांसाठी रिकामी केली. पलंग, खिडकीशी टेबल, वाचायचा दिवा. बाबांनी निदान आठ दिवस तिथे राहावं, सकाळचा चहा तिच्यासमोर बसून घ्यावा, एवढंच तिला हवं होतं. दर रविवारी फोनवर तेच.

"कधी येताय, बाबा?"

"येईन गं, येईन. हातातलं एवढं संपलं की आलोच."

अशी सहा वर्षं गेली. दर महिन्याला ती त्या पलंगावरची चादर बदलायची. जिच्यावर कुणी झोपलंच नाही अशी चादर धुऊन वाळत घालताना तिला नवऱ्यासमोर उगीच ओशाळल्यासारखं व्हायचं.

एका रविवारी तिचा धीर सुटला. "बाबा, 'कधीतरी येईन' हे वाक्य तुमच्या भाषेत चालेल?"

पलीकडून हसू ऐकू आलं. "नाही चालणार. माझ्याच तोंडावर फेकेल."

"मग सांगा. किती वेळात?"

ते नेहमीसारखी टोलवाटोलवी करतील असं तिला वाटलं होतं.

"पंधरा दिवसांच्या आत," बाबा म्हणाले. "लिहून घे."

तिने खरंच लिहून घेतलं. बाबांनी तिकीट काढलं ते तेराव्या दिवसाचं, शनिवारचं. दोन दिवस हाताशी ठेवलेत म्हणाले, गाडी चुकलीबिकली तर असावेत.

त्या शनिवारच्या आधीच्या बुधवारी, दुपारी, बाबा ऑफिसात टेबलावर डोकं टेकवून गेले. मिस्त्री कामासाठी आला होता. त्याला वाटलं साहेबांना डुलकी लागली, म्हणून त्याने पंखा वाढवला आणि शेजारच्या खुर्चीवर आवाज न करता बसून राहिला.

सगळं आटोपून मुलगी शनिवारच्या त्याच गाडीने परत निघाली. बाबांचं तिकीट रद्द करायला तिचं मन धजलं नव्हतं. त्यांची जागा दुसऱ्या डब्यात होती. एकदा उठून ती बघून आली. तिथे कुणीतरी पिशवी ठेवली होती.

त्यांचं शेवटचं बोलणं झालं ते मंगळवारी संध्याकाळी. त्यात काही दडलेलं असेल म्हणून तिने ते कितीदा तरी मनात उलगडून पाहिलं, काही नव्हतं. गाडी किती वाजता पोचते, स्टेशनच्या कुठल्या बाजूला उतरायचं, एवढंच. ती फोन ठेवणार, तोच ते म्हणाले होते,

"आणि उशी कशी आहे गं तिथली? जाड असेल तर काढून ठेव. मला चादरीची घडी पुरते."