पहिल्या रांगेतले काका

अर्धवट बसलेले नाच लोकांना दाखवायचे आणि त्यांचं मत ऐकायचं, असा कार्यक्रम आम्ही नाचाच्या क्लासवाले दर महिन्याला शिवाजी पेठेतल्या एका हॉलमध्ये करायचो. खुर्च्या, चहा, टेपरेकॉर्डर, सगळं मी बघायचे. फक्त पहिल्या रांगेतल्या त्या काकांचा बंदोबस्त मला कधी जमला नाही. मत शेवटी सांगायचं, असं मी दर वेळी बजावायचे. "व्हय की ताई," काका म्हणायचे आणि फुटबॉलच्या मॅचला ओरडावं तसं मध्येच ओरडायचे, "पोरी, डावी बाजू मोकळी हाय, तिकडं जा की!"

एकदा आमच्यातली सगळ्यांत बुजरी मुलगी स्वतः बसवलेला पहिला नाच दाखवत होती. आज जमलं नाही तर क्लास सोडणार, असं तिनं मला आधीच सांगितलं होतं. निम्म्यावर ती विसरली आणि रडकुंडीला येऊन उभी राहिली. काका उठले. आता हे काय बोलतात, या धास्तीनं मी धावले. त्यांनी आपली खुर्ची उलटी फिरवली आणि सगळ्या हॉलला दरडावलं, "फिरवा खुर्च्या! पोरीला दम खाऊ द्या."

माझ्या रांगांचा पार विचका झाला. पाठीमागं घुंगरू वाजू लागले, तरी काका कोणाला वळू देईनात.

"अहो, नाच सुरू झालाय!" मी वैतागून म्हणाले.

"गप बसा की ताई. तिलाच हाक मारू दे."

आम्ही सगळे दाराकडे तोंड करून बसलो. घुंगरू शेवटपर्यंत वाजले आणि थांबले. मग तिचा आवाज आला, "काका, वळा आता. पहिल्यापासून करते."