मागूरवहिनींचे दोन हौद

गल्लीत त्यांना सगळे मागूरवहिनी म्हणत. घरामागे सिमेंटचे दोन हौद, त्यांत मिशाळ मागूर मासे, आणि त्यांच्यावर वहिनींचा भारी जीव. एका वर्षी माशांचं बिनसलं. अंगावर लाल चट्टे, खाण्यावर वासना नाही. औषध घातलं की चार दिवस बरे, मग पुन्हा तेच रडगाणं.

नणंद माशांच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. ती म्हणाली, "वहिनी, खाद्यात समुद्री शेवाळाची पूड आणि प्रोबायोटिक, म्हणजे पोटाला मानवणारे जंतू, मिसळून बघ. पोट सुधारलं की मासा रोगाला तोंड देतो. पण आधी एकाच हौदाला घाल. फरक कळायला हवा."

वहिनींनी वाळलेलं शेवाळ घरच्याच मिक्सरमध्ये दळलं. मग मिक्सरमधून निघेल त्याला बंदराचा वास!

नवरोबा भडकले. "घरात माणसांना कोणी विचारत नाही, आणि माशांचे हे लाड!"

पैज लागली. डावा हौद वहिनींचा, शेवाळवाला. उजवा नवरोबांचा, साध्या खाद्याचा. हरेल त्यानं दोन्ही घासायचे.

महिनाभरात वहिनींचे मासे तरतरीत झाले. पण उजवेही झाले! नणंद चक्रावली. तिनं पाणी तपासलं, खाद्य तपासलं, काही लागेना. मग भावाच्या शर्टाच्या खिशाला तोच बंदराचा वास आला.

"दादा, खरं सांग."

"अगं, तिकडचे मिटक्या मारत खातात, आणि माझे बिचारे तोंड वर करून बघत बसतात. मला नाही बघवलं. रोज तिकडचंच मूठभर घालत होतो."

"अख्खा प्रयोग पाण्यात घातलात!" वहिनी ओरडल्या, आणि ओरडता ओरडताच त्यांना हसू फुटलं.

नणंदेनं प्रयोग नव्यानं मांडला. या वेळी नवरोबांना हौदाकडे फिरकायची बंदी. ते खिडकीतूनच "जेवले का?" विचारत. आता फरक लख्ख दिसला: शेवाळ खाणारे तुकतुकीत, दुसरे मरगळलेले. तेवढं दिसताच वहिनींनी दोन्हीकडे तेच खाद्य सुरू केलं.

हल्ली आसपासचे मासे पाळणारे चौकशीला येतात. वहिनी तोंड उघडायच्या आत नवरोबा सुरू होतात, "त्याचं काय आहे, आम्ही माशांच्या पोटापासून विचार केला." वहिनी त्यांना मनसोक्त बोलू देतात. पाहुणे निघाले की फाटकापाशी गाठून पुडीचं खरं प्रमाण तेवढं हळूच सांगतात.