साहेबांपुढे आप्पांनी माग चालवला त्या दिवशी

आमचे आप्पा असे का वागले, हे मला कुणी विचारू नका. विचारलं की डोकंच उठतं.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात आप्पा, म्हणजे माझे वडील, मागावर आणि मी घडी घालायला. बांधलेला पगार नाही. जितके टॉवेल विणाल तितके पैसे. युनियनचं म्हणणं सरळ होतं. माणसानं आठ तास नेहमीसारखं काम केलं तर सरकारनं ठरवलेलं किमान वेतन हातात पडलंच पाहिजे. पडत नाही, तेव्हा टॉवेलमागचा दर वाढवा. मालक म्हणत, हेच लोक कामचुकार आहेत. बैठकांवर बैठका झाल्या. शेवटी ठरलं, लेबर ऑफिसचे साहेब एक अख्खी पाळी उभे राहून एका मागवाल्याचे टॉवेल मोजतील आणि त्यावरून दर ठरेल.

मालकांनी आप्पांचं नाव सुचवलं. युनियनवाले खूश, कारण आप्पा साठीला टेकलेले; टॉवेल कमी भरले की दर वाढवावाच लागेल.

आदल्या दिवशी मी दहादा बजावलं, "आप्पा, रोजच्यासारखं करायचं. चहाला जायचं, तंबाखू मळायची, पाठ दुखली की बसायचं."

"व्हय गं, किती येळा सांगशील?"

आणि साहेब समोर उभे राहिले मात्र, या माणसाच्या अंगात वारंच शिरलं! चहा नाही, तंबाखू नाही, लघवीलासुद्धा गेले नाहीत. सुताची तार तुटली की माग थांबतो, गाठ मारून तो पुन्हा सुरू करावा लागतो. आप्पा डोळ्याचं पातं लवायच्या आत गाठ मारत होते. मी टेबलावरून खुणा करकरून थकले. साहेबांनी पाठ थोपटली, तसे आणखीच चेकाळले.

दर एका पैशानंही वाढला नाही.

"आप्पा, काय केलंत हे? सगळ्यांच्या पोटावर पाय दिलात की!" घरी आल्यावर मी कडाडले.

"चाळीस वर्सं माग चालवतोय. कोन बगाय आलं हुतं का आजवर? सायब बगत असताना हळू कसं चालवू, सांग की."



मालक हल्ली सगळ्यांना आप्पांचाच आकडा ऐकवतात. आप्पांनासुद्धा. काल मी चहा घेऊन मागापाशी गेले, तर त्यांनी मानही वर केली नाही.

"ठेव तितं," मागाच्या खडखडाटात ओरडून म्हणाले, "त्या दिसाइतकं आज बी न्हाय हुत."

पाळी सुटली तेव्हा कप तसाच भरलेला होता.