चौघे गेले, तिघे आले

ती केस आठवली की मी आजही बसल्या जागी चुळबुळायला लागतो. बायको म्हणते, "रिटायर झालात, आता तरी स्वस्थ बसा." पण स्वस्थ बसणं मला नोकरीत जमलं नाही, आणि त्या आठवड्यात तर मुळीच नाही.

मी तेव्हा सुप्याच्या बाजूला एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी चालू असताना एक तिशीतली बाई आली. नवरा एमआयडीसीत फिटर. कंपनीचं ट्रेनिंग आहे, तिथं मोबाईल जमा करून घेतात, असं सांगून तीन मित्रांबरोबर पुण्याला गेला होता. तिघे परत आले, हा आला नाही. मित्रांना विचारलं की म्हणतात, "येईल, वहिनी." कधी, ते सांगत नाहीत.

मिसिंगची तक्रार दाखल केली. बाहेर तिचा दीर उभा होता. त्यानं मला बाजूला घेतलं.

"साहेब, तिचं ऐकू नका. जायच्या आदल्या दिशी दोघांची लई भांडनं झाल्ती. आई तर म्हनती, हिनंच काय तरी केलं. आमची विहीर बघा."

पोलिसाच्या कानात एकदा 'विहीर' पडली की त्याला चैन पडत नाही. अख्ख्या गावासमोर गळ टाकले. दोन बादल्या, एक पितळी कळशी आणि मोटरसायकलचा टायर निघाला. कळशी कोणाची यावरून दोन बायकांचं जुंपलं, ते मिटवण्यात माझी दुपार गेली. तपासातली प्रगती एवढीच. ती बाई मात्र कठड्यापाशी उभी राहून प्रत्येक वेळी वर येणाऱ्या गळाकडे पाहत होती.

सासूनं तिला घरात घेणं बंद केलं होतं. सोनईहून तिचे भाऊ निघाले होते, तिला माहेरी न्यायला. "खुशाल न्या, पोरगी आमची इथंच राहील," असं सासूनं सांगून ठेवलं होतं. पोरगी पाच-सहा वर्षांची.

फिटरच्या फोनचं शेवटचं लोकेशन पुण्यात लोहगावला मिळालं. ट्रेनिंगच्या गोष्टीशी ते जुळत होतं, म्हणून मी डोकं चालवलं नाही. मग कंपनीत फोन केला. तिथले साहेब म्हणाले, "कसलं ट्रेनिंग? चौघेही रजेवर होते."

चौघे खोटं बोलून गेले आणि तिघेच परत आले. अशा हिशेबाचं उत्तर सहसा चांगलं नसतं.

तिघांना बोलावलं. एक वेल्डर, एक पेंटर, एक फोर्कलिफ्ट चालवणारा. वेगवेगळं बसवून विचारलं.

"फिटर कुठंय?"

"येईल, साहेब."

"जिवंत आहे ना?"

"म्हंजे काय! देवाच्या दयेनं हाय की."

"मग कुठंय?"

दरडावलं, समजावलं, चहा पाजला. चहा प्यायले आणि कप नीट खाली ठेवले. माझ्या येरझाऱ्या चालूच. शेवटी हवालदार म्हणाले, "साहेब, तुमी बसा जरा. वेल्डरला चक्कर यायला लागलीय."

बसलो, म्हणून नजर खाली गेली. आमच्या भागात माणूस ठाण्यात आला की चपला दारातच काढतो. भक्ती म्हणून नव्हे, धास्तीनं. हे तर कारखान्यातले लोक. बारा महिने पाय सेफ्टी शूजमध्ये, म्हणजे पालीच्या पोटासारखे गोरे असायला हवेत. वेल्डरचे पाय काळेठिक्कर होते आणि त्यावर स्लिपरच्या पट्ट्याचे पांढरे पट्टे. नाकाचा शेंडा सोललेला. उरलेल्या दोघांना आत घेतलं, त्यांचंही तेच. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला की लोहगावला विमानतळही असतो.

"कुठल्या समुद्रावर गेला होता रे?"

तिघांनी एकदमच पाय बाकाखाली ओढले.

"बोलता येत न्हाई, साहेब," वेल्डर रडकुंडीला आला. "खंडोबाचा भंडारा उचललाय आमी."

"मीपन उचललाय," फोर्कलिफ्टवाला म्हणाला. तो मुसलमान. "दोस्तीत उचलला, म्हंजे पाळायलाच लागतो."

"शपथ काय होती? शब्द न् शब्द सांग."

"कायबी झालं तरी घरी सांगायचं न्हाई."

"हे तुझं घर आहे का?"

तिघांनी लॉकअपकडे पाहिलं, हवालदारांकडे पाहिलं. "न्हाई," पेंटर म्हणाला.

"मग बोल."

बांध फुटला. चौघे अंदमानला गेले होते. घरी सांगितलं असतं, तर निम्मी भावकी विमानात बसली असती. जेल पाहिला, बोटीनं बेटावर गेले, पाण्यात पोरांसारखे डुंबले. शेवटी जंगलातून टेकडी चढायला निघाले. जन्मभर बुटात कोंडलेले पाय, म्हणून सुट्टीत बुटाला शिवायचंच नाही असं ठरलेलं. स्लिपर घालून ओल्या मुळांवरून चढताना फिटर घसरला. मांडीचं हाड मोडलं, आणि घरचे फोन नकोत म्हणून लोहगावपासून बंदच ठेवलेला मोबाईल दरीत गेला. तिथल्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. यांची रजा संपली तेव्हा त्यानंच यांना पिटाळलं. म्हणाला, "चालाया लागलो की येतो. तवर घरी बोलाल तर भंडाऱ्याची आन हाय."

तिघांकडून नंबर घेऊन त्या दवाखान्याच्या वॉर्डात फोन लावला आणि बाईच्या हातात दिला. दीर शेजारीच उभा होता.

"दुकतंय का?" तिनं विचारलं.

"आता कमी हाय."

मग ती म्हणाली, "तुमी तिकडं समिंदर बघत हुता, अन् मी हिकडं विहिरीतनं काय निघतंय ते बघत हुते."

तिनं फोन माझ्या हातात परत दिला.

माणूस सापडला. मी डायरीत नोंद घेतली आणि तिला जायला सांगितलं. ती उठेना.

"साहेब, माझं घरात कोन ऐकतंय? विहिरीवर तुमी गाव गोळा करून आल्ता. आता बी तसंच चला."

त्या दिवशी कळलं ते सगळ्या ट्रेनिंगमध्ये कुणी शिकवलं नव्हतं. ठाण्यातली नोंद एका सहीनं बंद होते. गल्लीतली नोंद आपण पायांनी जाऊन बंद करावी लागते. संशय वाजतगाजत नेला असेल, तर तो चोरपावलांनी माघारी आणता येत नाही.

जीप थेट दारात नेली. तिचे भाऊ ओट्यावर बसलेच होते. शेजारच्या बाया दारात आल्या, तसा मी आवाज चढवला आणि सगळं सांगितलं. या बाईचा काडीचाही दोष नाही, हे दोनदा सांगितलं. पोरगी धावत येऊन आईच्या मांडीला बिलगली.

सासू पदर चाचपत म्हणाली, "चहा घेताव ना, साहेब?"

"तुमच्या सुनेला विचारा," मी म्हणालो. "ती म्हणाली तर घेतो."

सुनेनं पोरीला कडेवर घेतलं, उंबरा ओलांडून आत गेली आणि पाटावर बसली.

"टाका," ती सासूला म्हणाली. "पन आज तुमी टाका, आत्या."